शहाणे मासे आणि अध्यक्षांचा फेटा

मी शिकवलेला मासा आजवर कधी चुकलेला नाही. माणसांची हमी मी देत नाही, माशांची देतो.

कराड–सांगली रस्त्यावरच्या आमच्या संस्थेत मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आधी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर काढायचो, आता माशांच्या डोक्यातली आठवण काढतो. मासे बोटाच्या पेराएवढे, अंगावर झेब्र्यासारखे पट्टे. माणसाला म्हातारपणी अल्झायमर होतो, म्हणजे सुनेचं नाव आठवत नाही, त्यामागचा जनुकातला बिघाड आमच्या प्रीती मॅडम माशांत घडवून आणतात. मग मासा विसरतो की नाही, हे बघायचं काम माझं. आमचं घर जैन. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी आक्काताई, म्हणजे माझी आई, चूळ भरून येते. आणि मी रोज सकाळी माशांची अंडी मोजतो. तिला मी मेंदूच्या दवाखान्यात आहे एवढंच ठाऊक आहे, आणि ते फारसं खोटंही नाही.

परीक्षा सोपी. टाकीच्या एका काचेला लाल पट्टी लावायची आणि तिथंच खाणं टाकायचं. थोड्या दिवसांनी खाणं बंद, नुसती पट्टी. शहाणे मासे पट्टीकडे धावतात. बिघाड केलेले मासे ग्रामसभेला आल्यासारखे कुठंही फिरत राहतात.

त्या दिवशी पुण्याहून एक परीक्षक येणार होते. मासे पास झाले तर प्रकल्पाला मुदतवाढ, आणि मुदतवाढ मिळाली तर मी नोकरीत कायम, असा शब्द खुद्द अध्यक्ष नानासो साहेबांनी दिला होता. मुलगी पाळण्यात होती तेव्हा मी हंगामी लागलो. ती आता बारावीला आहे आणि मी अजून हंगामीच. ऊससुद्धा इतका हंगामी नसतो!

तयारी चोख केली. मासे आदल्या दिवसापासून उपाशी, पट्टी धुऊन पुसून लख्ख. विसरलो एकच गोष्ट. आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याला फेटा बांधतात, मग तो कशाला आलाय ते विचारतात. शिपाई लालासाहेबानं परीक्षकांना पांढरा बांधला आणि अध्यक्षांना मानाचा लालभडक. फेटा एवढा मोठा, की साहेब दारातून आत यायच्या आधी फेटा आला.

मी पट्टी लावली. शहाण्या टाकीतले मासे पट्टीकडे निघाले, मध्येच थबकले, आणि सगळेच्या सगळे गर्रकन वळून समोरच्या काचेपाशी उभ्या असलेल्या अध्यक्षांपुढे गोळा झाले. साहेब दोन पावलं डावीकडे सरकले. मासेही डावीकडे.

"वळखलं की रं मला," साहेब गहिवरून म्हणाले. "मुकं जनावर, पण जाण हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांचं लक्ष शेजारच्या टाकीकडे गेलं. तिथले मासे त्यांच्याकडे पाठ करून निवांत फिरत होते. ह्यांना काय झालंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ह्यांना अल्झायमर आहे.

"तरीच. आमी केलेलं इसरले."

प्रीती मॅडम माझ्याकडे बघत होत्या. फेट्याचं कारण सांगावं तर अध्यक्षांचा अपमान आणि माझी नोकरी गेली. गप्प बसावं तर प्रकल्प गेला आणि नोकरी त्याच्या मागोमाग. मी पंप तपासायला खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

शेवटी परीक्षकच बोलले. मासे बहुधा लाल रंगाकडे जाताहेत, साहेबांना क्षणभर फेटा उतरवता येईल का? पुण्याचा माणूस, त्याला काय कल्पना! आमच्याकडे चारचौघांत फेटा उतरवायचा म्हणजे खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसायचं.

उपाध्यक्ष मानसिंगराव चपळाईनं पुढे झाले. "आवं साहेब, इज्ञानाचा प्रश्न हाय. द्या हिकडं, मी संभाळतो." त्यांनी अलगद फेटा उतरवला, आणि हातात धरला तर चुरगळेल म्हणून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मासे क्षणाचाही विचार न करता मानसिंगरावांकडे गेले. एक मासासुद्धा साहेबांकडे उरला नाही. मानसिंगराव उगीचच उजवीकडे गेले, डावीकडे गेले. संस्थेची निवडणूक तोंडावर होती, आणि इतकी शिस्तबद्ध सभा त्यांनी जन्मात घेतली नव्हती.

परीक्षक खूश. म्हणाले, इतका स्पष्ट निकाल मी बघितला नव्हता, मुदतवाढ मिळाली समजा. मॅडमनी डोळे पुसले. मी पंपापासून सरळ झालो.

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फेटा परत त्यांच्या डोक्यावर होता, जरा जास्तच घट्ट. मी कायमच्या नेमणुकीसाठी मान झुकवून उभा राहिलो. त्यांनी दार लावून घेतलं.

"लाल रंग शिकाया किती दिस लागत्यात त्यास्नी?"

पंधरवडा पुरतो, असं मी सांगितलं.

"खायाला काय घालता?"

"बारीक किडे, साहेब. चिमूटभर."

"पोटभर का न्हाई?"

"पोट भरलं की येत नाहीत. आधी उपाशी ठेवायचं, मग चिमूटभर टाकायचं."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मग ह्यात नवीन काय हाय? आमी हितं दुसरं काय करतोय?"

मग म्हणाले, ती शहाणी टाकी हलवा, लय हुशार जात ती. विसराळू ठेवा. एकदाबी मानसिंगकडं गेले न्हाईत.

मी हळूच माझा विषय काढला.

"तुमचं पुढच्या महिन्यात बघू की," ते म्हणाले आणि उठून दाराकडे निघाले. दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून गाडीपर्यंत मी मागोमाग गेलो. गाडी गेल्यावर ध्यानात आलं, मला तिकडे काही कामच नव्हतं.