आपांचं उलटं गाऱ्हाणं

डिचोलीच्या बसस्टँडवर पेडण्याची बस लागली की आपा हरमलकर तिच्याकडे पाठ करून उभे राहत. त्यांची स्वतःची बस साखळीची असो नाहीतर म्हापशाची, ती चुकली तरी बेहत्तर; पेडण्याची बस हलत नाही तोवर आपा वळायचे नाहीत. कंडक्टर मंडळी वात्रट. "पेडणे, पेडणे! आपा, पेडणे!" असं मुद्दाम त्यांच्या कानाशी ओरडायची. आपा समोरच्या भिंतीवरच्या सिनेमाच्या पोस्टरला सांगायचे, "उसनी गाडी ती. तिचे ब्रेक पण उसने."

माणसानं एखाद्या गावावर राग धरावा, पण हरमलकर आडनाव लावून पेडण्यावर धरू नये. हरमल पेडणे तालुक्यातलं. आपांचे पणजोबा तिथूनच आलेले. हे कोणी काढलं की आपा म्हणत, "म्हणूनच सोडून आयले!"

या रागाचं मूळ फुटबॉलमध्ये होतं. पाळी गावाच्या बाजूला ज्या शेटची खाण होती, त्याचा संघ आमच्या डिचोलीत होता. आपा त्या खाणीवर टाइमकीपर. संघात त्यांना पद कसलंच नव्हतं, पण सामन्याआधीचं गाऱ्हाणं त्यांचं. आमच्याकडे नवा ट्रक घ्या, विहीर खणा, नाटक बसवा, आधी गाऱ्हाणं घालायचं. एकानं नारळ हातात धरून देवाकडे मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यामागून "व्हय म्हाराजा!" म्हणून ते उचलून धरायचं. आपांचं गाऱ्हाणं तपशीलवार असे. फॉरवर्डचा गुडघा, हाफबॅकचा ताप, रेफ्रीची नजर, सगळं देवाच्या कानावर घालून झाल्यावरच नारळ फुटायचा. समोरचा संघ तोवर उन्हात उभा राहून अर्धा हरलेला असायचा.

गोलकीपर इनास दक्षिण गोव्यातला. नोकरीसाठी इकडे आला तो आपांच्या मागल्या खोलीत राहिला आणि जेवायलाही त्यांच्याच घरी. आपा आणि त्यांची बायको, आमच्या काकी, यांना मूलबाळ नव्हतं. इनास रविवारी सकाळी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचा, दुपारी आपांच्या गाऱ्हाण्याला सगळ्यांत मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचा आणि संध्याकाळी गोल वाचवायचा.

मग शेटना पेडण्यातून निवडणूक लढवायची हुक्की आली. तिथल्या मतदारांना काय द्यावं, तर त्यांनी आमचा संघ दिला. एका सकाळी ट्रक आला. शर्ट, चेंडू, जाळी, एवढंच काय, गोलचे खांबसुद्धा उपटून नेले. खेळाडूंच्या नोकऱ्या शेटच्याच, ते मुकाट्यानं ट्रकमध्ये चढले. शेट निवडणुकीत पडले ते पडलेच, पण संघ पेडण्यातच राहिला. आमच्या मैदानावर खनिजाचे ट्रक उभे राहू लागले.

डिचोलीकरांचा राग निवळेल असं वाटलं होतं, तो लोणच्यासारखा मुरला. लग्नाच्या बोलणीत मुलगा पेडण्याचा निघाला की मुलीचा मामा हटकून तारीख विचारायचा, "खांब केन्ना परत दितात?" आपांच्या लेखी तर जगात जे जे वाईट ते पेडण्याचं आणि म्हणून उसनं. सर्दी झाली तर उसनी. नवा साहेब खडूस निघाला तर तो उसना.

ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे. अख्ख्या गोव्यात जो तो दुसऱ्याला विचारायचा, तू मराठीवाला की कोंकणीवाला? डिचोली आणि पेडणे दोन्ही तालुके मराठीच्या बाजूनं घसा ताणत होते. आम्ही तो वाद घरात कोंकणीतच घालायचो, ती गोष्ट वेगळी. पणजीच्या मोर्चात नेमकं पेडणेकरांच्या मागे आम्हाला उभं केलं. झालं, आपांच्या तोंडून घोषणा फुटेना. "त्यांणी म्हटलेली घोषणा आमी परत कित्याक म्हणूंची?" शेवटी त्यांनी आमची रांग ढकलत ढकलत पेडणेकरांच्या पुढे नेली, तेव्हा कुठे मराठीला त्यांचा आवाज लाभला. पुढे गोवा घटकराज्य झालं, पेढे वाटले गेले. आपांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "राज्य गावलां, बरां जालां. टीम केन्ना गावतली?"

एवढा राग असलेल्या माणसानं घरी बसावं. पण बसणं हा प्रकारच आपांना जमत नसे. मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर, आणि माझ्याकडे स्कूटर. पेडण्यात त्या संघाचा सामना असला की सकाळपासून आपांच्या माझ्या अंगणातून येरझाऱ्या सुरू. "मास्तर, स्कूटरीक वारां लावूंक जाय. पडून रावली तर इंजिन धरता." वारं लावायला आम्ही अस्नोडा, कोलवाळचा पूल करत थेट पेडण्याच्या मैदानावर. तुम्ही पेडण्यात कसे, असं विचारलं तर उत्तर तयार: "स्कूटर मास्तराची, चलयता मास्तर. हांव फकत फाटल्यान बसलां."

मैदानावर पोचलो की पेडणेकर हाकारे घालायचे, "आयले दिवचलकार! बॉल सोदूंक आयले?" दिवचल म्हणजे आमची डिचोली. आपा रेषेच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत संघाला शिव्या मोजायचे. फॉरवर्डला, हाफबॅकला, प्रशिक्षकाला. इनासला मात्र नाही. त्याच्या गोलजवळ आले की ते गप्प होत आणि तिथूनच मागे फिरत. तोही दुसरीकडे बघायचा.

एका रविवारी आपा पिशवीत नारळ घेऊन आले. सामना सुरू होण्याआधी मैदानाच्या कडेला उभे राहिले, नारळ वर धरला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. "बा देवा म्हाराजा!"

समोर हजारभर पेडणेकर. जन्मल्यापासून गाऱ्हाणी ऐकलेली माणसं. त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय म्हाराजा!"

"ह्या टीमीच्या पायांतलो जोर काड!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळे बॉल हांच्याच जाळ्यांत पडूं दी!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. मग पेडणेकरांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. एक म्हातारा कपाळावर हात मारून मटकन खालीच बसला. संघ दणकून हरला. इनास चेंडू अडवायला झेपावला तो खांबावर आदळला, त्याच डिचोलीहून नेलेल्या खांबावर, आणि त्याचं बोट मोडलं. परत येताना डिचोली आल्यावर आपा एवढंच म्हणाले, "बोटाचां हांवें मागूंक नाशिल्लां."

पुढचेही सामने हरले. शेटनी निरोप धाडला, येत्या रविवारी हरलात तर संघ बंद आणि नोकऱ्याही बंद. मग पेडण्याहून जीप आली. संघाचा सेक्रेटरी आणि दोघे गावकर, म्हणजे गावचे मानकरी, आपांच्या ओसरीवर टेकले. सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, "आपा, गाऱ्हाणां तुमी घातलां, आमी व्हय म्हटलां. आतां तुमीच सोडवूंक जाय. दुसऱ्यान सोडवलेलां देव मानीना."

आपा सारखे ओसरीवरून खाली वाकून जीपमध्ये बघत होते. "आनी कोण आयलां?"

"आमीच तेगजाण."

"मग जावा," आपा म्हणाले आणि आत गेले. काकींनी त्या तिघांना चहा दिला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला. मला आपांचा राग आला. खेळाडूंच्या पोटावर पाय येत होता आणि यांचा मान सुटत नव्हता. तसं मी तोंडावर बोललोही. ते नुसते परसात फेऱ्या मारत राहिले.

रविवारी उजाडायच्या आत दार वाजलं. आपा धुतलेलं धोतर नेसून, नारळ घेऊन उभे. "स्कूटर काड, मास्तर."

तो सामना संघानं जिंकला आणि संघ वाचला, हे पेडणेकर अजून रंगवून सांगतात. मला आठवतं ते त्याआधीचं. आपा मैदानाच्या मध्यावर उभे राहिले. इनास बोटाला पट्टी बांधून गोलमध्ये उभा होता.

"बा देवा म्हाराजा! हरमलापासून पत्रादेवीमेरेन राखण करतल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरांची इडापिडा बारा वाटांनी भायर घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणे वाकडां मागलां आसत, तां फाटी घे! मागतलो पिसो आसलो!"

"व्हय म्हाराजा!" आपा वेडे आहेत याला पेडणेकरांनी जरा जास्तच जोरानं दुजोरा दिला. लोक हसले.

आपा हसले नाहीत. गाऱ्हाण्यात चूक कोणाची, ती सांगावी लागते. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ट्रक आयलो त्या दिसा हांव पयल्या पाळयेक कामार गेल्लों. येवन पळयतां तर खोली रिकामी. ताटां तीन वाडिल्लीं. पोरान जातना सांगूंक ना. तितलीच चूक, म्हाराजा. आनी कांय ना."

कोणी व्हय म्हटलं नाही. कशाला म्हणायचं तेच कोणाला कळेना. आपा नारळ धरून तसेच उभे.

गोलमधून एकट्याचा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

इनास होता तो. मान खाली घालून बोलला होता.

आपांनी नारळ फोडला. एक शकल घेऊन तरातरा गोलकडे गेले आणि इनासच्या बऱ्या हातात दिलं. मीही मागोमाग गेलो. वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान बोटाचं विचारतील.

"आज कितें खाल्लां?" आपा खेकसले.

"पाव."

"पाव खावन गोल राखतात?" ते वळले आणि पेडणेकरांच्या गर्दीत शिरले. "कोणाचां घर लागीं आसा? पेज आसा कोणागेर? थोडी पेज दियात गो पोराक!" बायाबापड्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रेफ्री शिटी वाजवत होता, आणि आपा घराघराच्या दिशेनं हात दाखवत, विचारत, पळत होते.