अडीच फूट उंच डेक

आमच्या शेजारचे रामटेके काका स्वतःच्याच अंगणात एका ठरावीक जागी आले की चपला काढत. तिथे काहीच नव्हतं. चुन्याने आखलेला एक चौकोन, आणि आत माती. पण त्या जागी लाकडी डेक होणार होता, आणि काका आतापासूनच त्यावर अनवाणी वावरत. एकदा माझा पाय चुकून रेघेच्या आत पडला.

"डेकवर आहेस तू," काका म्हणाले. मी मुकाट्याने चपला काढल्या.

डेक हा शब्द काकांच्या पुण्याच्या लेकीने फोनवर पाठवलेल्या एका फोटोतून आला. अंगणात फळ्यांचा ओटा आणि त्यावर दोन खुर्च्या. रायपूरच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, असलं काही कोणाकडे नव्हतं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, काकू जाऊन काही वर्षं झालेली, आणि गुडघे असे की खुर्चीतून उठायचं तर आधी दोन मिनिटं मनाची तयारी लागे.

ठेकेदार होता अभनपूरचा मनहरण. शांत माणूस. दर रविवारी येई, आणि काका त्याला वहीत काढलेलं नवं चित्र दाखवत. "हे पक्कं आहे, पण फायनल नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फळ्या उभ्या लावायच्या की आडव्या, यातच एक महिना गेला. एकदा त्यांनी रेघेच्या आत खुर्ची मांडून मनहरणला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "कसं वाटून राहिलं डेकवर?"

मनहरणने खालच्या मातीकडे पाहिलं. "हव कका, बढ़िया है. हवा भी आ रही है."

एका गोष्टीवर मात्र काका पहिल्या दिवसापासून ठाम होते. उंची अडीच फूट, आणि चढायला पायऱ्या नाहीत, लांब उतार.

"कका, एक बित्ता ऊँचा बहुत होता है," मनहरण हाताची वीत पसरून दाखवे.

"तू बनव. काहून ते नको विचारू."

मोडता घातला तो मी. आमचं घर उंच जोत्यावर, दारापुढे आठ पायऱ्या. माझे वडील अर्धांगवायू झाल्यापासून बाजूच्या खोलीत पडून असत. वाचा गेली होती. त्या खोलीची खिडकी काकांच्या अंगणाकडे उघडे. अडीच फुटांवर बसलेला माणूस कुंपणावरून थेट आत पाहणार. बाबांना त्या अवस्थेत कोणी बघू नये, असं मला वाटे. शिवाय थोडा रागही होता. काका बाबांचे नोकरीतले इतक्या वर्षांचे दोस्त, पण सहा महिन्यांत एकदाही घरात आले नव्हते. नुसतं फाटकाशी उभं राहून "दौलत कसा आहे?" असं विचारून जायचे.

"काका, इतका उंच नको," मी कुंपणावरून सांगितलं. "घरातलं सगळं दिसतं."

काकांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "बरं. तुले नाही पटत तं नाही."

इतके महिने काही फायनल न करणाऱ्या माणसाने त्याच दिवशी सगळं फायनल केलं. आठवड्यात डेक तयार झाला. एक वीत उंच.

पावसाळा संपता संपता बाबा गेले.

पुढे मनहरण आमच्या पायऱ्यांचा कठडा दुरुस्त करायला आला. काम करता करता सहज म्हणाला, "भैया, वो डेक तो बाबूजी के लिए था. कका मेरे को स्टूल पे खड़ा करके पूछते थे, दौलत का मुँह दिखता है क्या? बोलते थे, उसकी सीढ़ी मेरे से नहीं चढ़ी जाती, यहीं बैठ के बात करूँगा. वो नहीं बोल सकता, तो मैं बोलूँगा."

दोन माणसांनी खुर्ची उचलून काकांना वर आणलं असतं. ते बोलले नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. "काका, मला सांगायचं होतं ना."

"तुझा बाप, तुझं घर. तू नाही म्हणला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दौलत याद करे का रे मले?"

शेवटच्या महिन्यांत बाबा रोज दुपारी आपला चालता हात उचलून खिडकीकडे करत. डोळ्यांवर ऊन येत असेल, असं समजून मी दरवेळी पडदा ओढून घेत असे.

"रोज," मी म्हणालो.