राबातली मुरुडशेंग

रतनबाईनं दुधाच्या तपेल्यावरचं झाकण काढलं आणि ती किंचाळलीच. दुधाच्या तळाशी काळे दाणे बसले होते.

"मुरुडशेंगेचं बी हाय ते," तिचा नवरा गेनबा ओटीवरून म्हणाला. "लई टणक. दुधानं मऊ पडंल."

भोरला राजाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. राजगडाखालच्या त्या गावात तान्ह्या पोराचं पोट दुखलं की गेनबाच डोंगर चढून मुरुडशेंग आणायचा. आता गुडघे कुरकुरत होते आणि लेक चंद्रा पहिल्या बाळंतपणाला आली होती. आपल्यामागं डोंगर कोण चढणार, या काळजीनं त्याला ते झुडूप दारातच हवं होतं. पण बी काही केल्या उगवेना.

"झाड कदी व्हनार, शेंग कदी धरनार? तवर नातू लगनाला येईल!"

"मग त्येच्या पोरांना व्हईल की."

दुसऱ्या दिवशी त्यानं बी कढत पाण्यात टाकलं, तेही अंघोळीच्या हंड्यात. नेमके त्याच सकाळी चंद्राचे सासरे आनंदराव भोरहून आले. व्याह्यांनी डोक्यावरून ऐसपैस पाणी घेतलं. ओटीवर केस पुसताना पंच्यावर काळे दाणे पडले.

"उवा! इहीनबाई, तुमच्या घरात उवा?"

"उवा न्हाईत, बी हाय! हलू नगा पाव्हनं, सांडंल!" म्हणत गेनबानं त्यांचं डोकं धरलं आणि दाणे वेचून मडक्यात टाकू लागला. चंद्रा पोट धरून हसत सुटली. आनंदराव जेवायला न थांबता गाडी जुंपून निघून गेले.

व्याही उपाशी गेले! रतनबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला शेतात पालापाचोळा, शेण पसरून राब रचला होता. तिनं बियांचं मडकं त्यावर उपडं केलं आणि राब पेटवून दिला. गेनबानं बी कुठं गेलं, एवढंही विचारलं नाही. तेव्हा मात्र तिला चुटपुट लागली.

पावसाळ्यात त्या जागी भाताच्या रोपांमध्ये भलतीच खरखरीत पानं वर आली. राबाच्या आगीनं टणक बी फुटलं होतं. तिनं ती रोपं गुपचूप दारात लावली.

"बग, दुधाचा गुन," गेनबा म्हणाला.

"व्हय तर," म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

आनंदराव बारशाला आले, पोटभर जेवलेही. अंघोळ मात्र घरूनच करून आले होते.

पुढं नातसून तान्ह्याला घेऊन आली आणि दारची शेंग सहाणेवर उगाळू लागली, की म्हाताऱ्या रतनबाईला गेनबाची फार आठवण येई. मग बारशानंतरच्या उन्हाळ्याचा किस्सा ती हमखास सांगे. त्या साली गेनबानं पुन्हा बी मिळवलं, पण दूध मागितलं नाही. मडकं राबाच्या कडेला ठेवलं आणि तिच्याकडे न बघता काठी उचलली.

"म्या शेरडांकडं जातो. तुला राग आला, तर बी हितं ठिवलंय."