ओरेस्टसाठी कुठेही

ओरेस्ट ह्रिंकीवच्या लग्नाचं निमंत्रण मला सतरा पानांत आलं. पहिल्या चार पानांवर विमान, पाचव्यावर मनगटपट्ट्यांचे रंग, अकराव्यावर टाळायचे विषय आणि सोळाव्या पानावर, ऊन लागू नये म्हणून घ्यायच्या काळजीखाली, लग्न होतं. लग्न मेक्सिकोत, समुद्रकाठच्या हॉटेलात, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. आम्ही सगळे कॅनडातल्या, थंडीने गोठणाऱ्या विनिपेगचे. विनिपेगच्या माणसाला फेब्रुवारीत मेक्सिकोला बोलावलं, तर लग्न कुणाचं आहे हे तो परत आल्यावर विचारतो.

सगळी आखणी नवरीच्या मावशीची, मार्लिसबाईंची होती. बाईंनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत मासेमारीचे परवाने दिले होते. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि ‘नाही’ म्हणायला हाताशी कुणी उरलं नाही. भाचीचं लग्न अगदी वेळेवर ठरलं. त्यांनी एकोणचाळीस पाहुण्यांचे तीन-तीनांचे तेरा गट पाडले, आणि एका गटात ओळखीची दोन माणसं येणार नाहीत याची डोळ्यांत तेल घालून खबरदारी घेतली. अनोळखी माणसांमध्ये नवं नातं जुळतं, ओळखीची माणसं नुसत्या गप्पा मारत बसतात, असं पान तीनवर कारणासह नोंदवलं होतं.

मी गट सातमध्ये. माझ्याबरोबर ओरेस्टच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, संघातला गार्थ टूव्स आणि ओरेस्टच्या ऑफिसातली डोरीन. नियमाप्रमाणे आम्ही विमानात एका रांगेत बसलो, नाश्ता एका टेबलावर केला, आणि प्रत्येकाने वाट्याला आलेला नारिंगी टी-शर्ट घातला. त्यावर छातीभर अक्षरांत लिहिलं होतं: ओरेस्टसाठी कुठेही.

मला मात्र तिथे एक वेगळंच काम होतं. तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, ओरेस्टचे वडील गेले. अंत्यविधी शनिवारी सकाळी अकराला, माझ्या घरापासून अकरा मिनिटांवरच्या चर्चमध्ये. बाहेर उणे अडतीस अंश. मी ओरेस्टला फोन करून सांगितलं, की गाडी सुरू होत नाही. आमच्या शहरात हे कारण कुणी तपासत नाही. इंजिन गोठू नये म्हणून इथे प्रत्येक जण रात्रभर गाडी विजेच्या वायरीला लावून ठेवतो, पण म्हणून ‘वायर लावली नव्हतीस का?’ असं कुणी विचारत नाही. तेवढी सभ्यता आम्ही पाळतो.

माझी वायर लावलेली होती. गाडी सुरूही झाली होती. ती घेऊन मी तळ्यावर गेलो, बर्फाला भोक पाडलं आणि सात पौंडांचा मासा धरला. त्याचा फोटो माझ्या फ्रिजवर आहे. ओरेस्ट घरी यायचा असला की मी तो काढून ठेवतो. ओरेस्ट माझा तिसरीपासूनचा मित्र, आणि मला सायकल शिकवली ती त्याच्या वडिलांनी. मी सरळ पळालो होतो. रडणाऱ्या मित्राला काय बोलायचं ते मला सुचेना, आणि मासा काही विचारत नाही. तीन वर्षं हे मला खात होतं. लग्नाआधी त्याला खरं सांगून टाकायचं, एवढ्यासाठी मी आलो होतो. ऊन होतं, ते वेगळं.

पान नऊवर ‘वराशी भेट’ होती. प्रत्येक गटाला चार मिनिटं, विषय आधी कळवायचा. पर्याय तीन: अभिनंदन, आठवण, विनोद. मी खाली पेनाने ‘माफी’ असं लिहिलं. तासाभरात मला वाळूवरच्या छत्रीखाली बोलावणं आलं. बाई फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“माफी हा प्रकार यादीत नाही, वेंडेल.”

“मग ‘इतर’मध्ये घाला ना, मावशी.”

“घालते. पण ‘इतर’ला गटाची मंजुरी लागते. आणि विषय कळल्याशिवाय गट मंजुरी देणार कशी?”

त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच वाईट होतं. तेव्हा दोन दिवसांच्या ओळखीवर मी गार्थला आणि डोरीनला हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सगळं सांगितलं. गार्थने तळं कुठलं ते विचारलं. मी सांगितलं.

“मी त्याच तळ्यावर होतो,” तो म्हणाला. “उत्तरेच्या टोकाला. मी पण गाडीचंच सांगितलं होतं.”

डोरीन पाण्याकडे बघत म्हणाली, की तिला मासेमारीत काडीचा रस नाही, तिने त्या दिवशी पडदे शिवले. कारण अर्थात गाडीच.

अशा रीतीने, पान तीनवर म्हटल्याप्रमाणे, आमच्यात नवं नातं जुळलं. अर्ज तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. दुपारी तीनला आम्ही ओरेस्टच्या खोलीच्या दाराशी हजर झालो आणि तिथे प्रश्न उभा राहिला, की आत आधी कुणी जायचं. गार्थ म्हणाला, आधी तू, कल्पना तुझी. मी म्हटलं, आधी डोरीन. डोरीनला वाटत होतं, की ती सगळ्यांत शेवटी सामील झाली, तिने पुढे होणं बरं दिसणार नाही. आमच्याकडे तीन माणसं एका दारापाशी आली, तर सहसा चौथ्याने येऊन सोडवावं लागतं. चार मिनिटं संपली. गट आठ ‘विनोद’ घेऊन आत गेला आणि आम्ही त्यांच्यासाठी दार धरून उभे राहिलो.

मार्लिसबाईंनी विषय प्रलंबित ठरवून संध्याकाळच्या कार्यक्रमात टाकला: केक कापल्यावर, नाच सुरू होण्याआधी, दोन मिनिटं. आणि कुणावर अन्याय नको म्हणून तेराही गटांना विचारलं, की याच स्वरूपाची माफी आणखी कुणाकडे शिल्लक आहे का. आम्हा तिघांचे धरून एकोणतीस अर्ज आले. उरलेले दहा जण नवरीकडचे होते, ते ओरेस्टला तेव्हा ओळखतही नव्हते. कारणाच्या रकान्यात सव्वीस ठिकाणी गाडी, दोन ठिकाणी वादळ आणि एका ठिकाणी बॅटरी होती. बॅटरी गाडीत धरण्यात आली. बाईंनी अर्ज दोनदा चाळले.

“आदल्या दिवशी, शुक्रवारी, परवान्यांना एवढी गर्दी का झाली होती, ते मला आज कळतंय,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी लग्न लागलं. त्याला नऊ मिनिटं लागली. केक झाल्यावर बाईंनी माईक घेतला आणि एकोणतीस पाहुण्यांची एकत्रित माफी वाचून दाखवली, अर्जांच्या क्रमांकासह. आम्ही आपापल्या नारिंगी टी-शर्टात उभे होतो. वाचन संपल्यावर आम्हीच टाळ्या वाजवल्या. काहींचे डोळे भरून आले होते. डोरीन माझ्या कानात म्हणाली, की तिला किती हलकं वाटतंय.

ओरेस्टने माईक घेतला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

“त्या दिवशी आई होती आणि मी होतो,” तो म्हणाला. “आणि पाद्री. आईने साठ माणसांचं जेवण केलं होतं. ते आम्ही दोघं एप्रिलपर्यंत खात होतो.” त्याने माईक दुसऱ्या हातात घेतला. “शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात. समोरच्या टायरच्या दुकानातून पाच जण बोलावले. त्यांच्या गाड्या सुरू झाल्या होत्या.”

दोन मिनिटं भरली होती. बाईंनी खूण केली आणि नाचाचं संगीत सुरू झालं. मला वाटलं, वाळूत भोक पाडून आत शिरावं.

थोड्या वेळाने ओरेस्टची आई, स्टेफा काकू, आमच्या टेबलाशी आल्या. रागावल्या नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “पुढच्या रविवारी घरी या सगळे. ह्यांच्या नावाने जेवण करते. साठ माणसांचं.”

“येणारच, काकू,” मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो. गार्थने टी-शर्टवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

आज तो रविवार. बाहेर उणे छत्तीस. गट सात फोनवर अजून आहे, तो कधी मोडायचा नाही असं आम्ही विमानतळावर ठरवलं होतं. दहा वाजता गार्थने लिहिलं, की त्याची गाडी सुरू होत नाही. डोरीनने लिहिलं, की तिचीही. मी दोघांना हळहळल्याचं चिन्ह पाठवलं आणि बाहेर आलो. वायर रात्रभर लावलेली होती. नेमकी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

काकूंचं घर चर्चच्या पलीकडच्याच गल्लीत आहे. मी गाडीत बसलोय, अंगात नारिंगी टी-शर्ट आहे, आणि मागच्या सीटवर बर्फाला भोक पाडायचं यंत्र तसंच पडलंय. पहिल्या सिग्नलपर्यंत तळ्याचा आणि काकूंचा रस्ता एकच आहे, त्यामुळे तूर्तास काही ठरवायची गरज नाही.

मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. फक्त एक सांगा. तुमच्याकडे म्हणे ऐन जानेवारीतही गाड्या सुरू होतात. मग तुम्ही काय कारण सांगता?