आबांची खालची माणसं

आमचे आबा खताचं पोतं फोडण्याआधी पूर्वेकडं तोंड करून हात जोडतात. नवख्या माणसाला वाटतं, सूर्याला नमस्कार चाललाय. पण आबा हे दुपारी चार वाजताही करतात, तेव्हा सूर्य त्यांच्या पाठीवर तापत असतो. कुणी विचारलंच तर मान खाली घालून सांगतात, "खालच्या मानसांची माफी मागतुया." खालची माणसं म्हणजे बंगालच्या उपसागराच्या काठावर राहणारे, निरनिराळ्या देशांतले सगळे मच्छीमार. आणि आम्ही राहतो सणसरला. मासा बघायचा तर आम्हाला इंदापूरच्या बाजाराला जावं लागतं.

आबा माझे सासरे. मी बारामतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळं घरातलं जे जे इंग्रजी ते माझ्या गळ्यात. आबांचा समुद्रही तसाच माझ्या गळ्यात पडला. शेतीखात्यातले एक ओळखीचे साहेब घरी आले आणि म्हणाले, विशाखापट्टणला बैठक आहे, उपसागराभोवतीचे देश एकत्र बसून शास्त्रज्ञांच्या मोजणीवरून समुद्राचे नियम ठरवणार आहेत, त्यांना नदीच्या वरच्या अंगाचा एक ऊसवाला शेतकरी हवाय.

"आमचा आन् समुद्राचा काय संबंध?" आबा म्हणाले.

साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं. आमच्या ओढ्याचं पाणी नीरेत, नीरा भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. कोकणचा समुद्र आम्हाला जवळचा, शाळेच्या सहली जातात त्याही तिकडंच, पण पाणी मात्र आमचं सगळा मुलूख ओलांडून उलट्या दिशेला जातं. आबा नकाशाकडं बघतच राहिले. "म्हंजी लेक एवढ्या लांब दिली, आन् आपुन येकदा बी चौकशी केली न्हाय," असं म्हणून ते जायला तयार झाले. दुभाषी म्हणून मी.

आबांची एक गोष्ट इथंच सांगायला हवी. आमचं रान कालव्याच्या चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. कालव्याचं पाणी आधी वरच्यांना मिळतं, आणि त्यांनी मध्येच बांध फोडून हवं तेवढं घेतल्यावर उरेल ते शेवटी आम्हाला. या अन्यायावर आबांचं एक ठरलेलं भाषण आहे. "वरच्यांचं पोट भरल्यावर आमी जगायचं का?" इथं ते सुरू होतं आणि कालव्याच्या ऑफिसातल्या साहेबाचा चहा गार झाला की संपतं. माझ्या नवऱ्याला ते तोंडपाठ आहे. आंघोळ करताना तो ते म्हणतो.

विशाखापट्टणला आबांनी पहिल्या अर्ध्या तासात माझी अब्रू घालवली. सभागृह एवढं थंडगार आणि गुळगुळीत की त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. पहारेकऱ्याने त्या बेवारस समजून उचलून नेल्या. मग आबा दिवसभर सुटाबुटातल्या लोकांमधून अनवाणी फिरले, आणि मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

बैठक एका शब्दावर अडली होती. नदीतून समुद्रात जाणारं खत सगळ्या देशांनी एकाच पद्धतीनं 'मोजावं' की 'मोजण्याचा प्रयत्न करावा'? यावर चहा झाला, जेवण झालं, पुन्हा चहा झाला. आबा खूश होते. "आपली सोसायटीची सभा बरी म्हनायची," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग एका शास्त्रज्ञ बाईंनी पडद्यावर समुद्र दाखवला. त्या म्हणाल्या, इथं खाली पाण्यात प्राणवायू कमी पडतो, मासे तिथं टिकत नाहीत, आणि शेतातून वाहून येणारं खत ते आणखी बिघडवू शकतं. मात्र कुणाचं खत किती, हे आज नेमकं सांगता येत नाही. त्यासाठीच सगळ्यांनी सारखं मोजायला हवं.

'सांगता येत नाही' हे ऐकून सभागृहातले सगळे प्रतिनिधी एकदम सैल होऊन बसले. आबा तेवढे ताठच राहिले.

त्यानंतर बांगलादेशातले एक म्हातारे मच्छीमार उठले. नाव कासिम. वय आबांएवढंच, पांढरी दाढी, अंगात नवा सदरा. ते बंगालीत बोलत, एक मुलगी त्याचं इंग्रजी करी, आणि मी आबांच्या कानात मराठी. ते म्हणाले, "वरच्या लोकांचं भागल्यावर जे उरतं त्यावर आम्ही जगायचं का?"

आबांनी माझा हात धरला. "ह्ये माझं भाषण हाय," ते म्हणाले. "ह्येनं कुठं ऐकलं?"

आधी मला हसू आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. जन्मभर ज्या वरच्यांना शिव्या घातल्या, ते वरचे इथं आपण आहोत, हे त्या माणसाला त्या खुर्चीत बसल्या बसल्या उमगलं होतं. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते. त्यांची बोलायची वेळ आली तेव्हा ठिबक सिंचनावरची तयारी सगळी विसरून ते म्हणाले, "कासिमराव, आमाला ठावं नव्हतं. फुडल्या बैठकीपातुर आमची सगळी चारी खत निम्म्यावर आनंल. ह्यो माझा सबूद." कासिमभाई जागेवरून उठले आणि त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले. टाळ्या पडल्या. मी कपाळाला हात लावला, कारण आमची चारी मला माहीत होती.

सणसरला आल्यापासून आबांनी साऱ्या चारीच्या नाकी नऊ आणले. लग्नात आशीर्वाद द्यायला उभे राहिले की, "सुखानं नांदा, आन् खत जपून टाका." न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेला माणूस सापडला की त्याला उपसागर समजावून सांगत, कारण तो उठून जाऊ शकत नसे. कुणी पोतं घेऊन निघाला की बांधावरून हाक, "खालची मानसं काय म्हनतील?" साहेबांनी माती तपासून खत किती टाकायचं ते नीट सांगितलं होतं. आबांनी लाजेपायी त्याहूनही कमी टाकलं आणि ऊस पिवळा पडला. मग काय, चारीला आयतंच सापडलं. "आबा, ऊस उपोषणाला बसवला व्हय?" असं जो तो विचारू लागला. सासूबाई तर म्हणाल्या, "तुमची ती खालची मानसं दिवाळीला तरी येत्यात का?" मलाही बारामतीच्या बसमध्ये लोक समुद्राची तब्येत विचारत, आणि मी खिडकीबाहेर बघत असे.

एकही शेजारी बधला नाही.

गेल्या महिन्यात फोनवर व्हिडिओ बैठक ठरली, कुणी किती काम केलं ते सांगायची. आदल्या दिवसापासून आबांनी जेवण टाकलं. ओसरीच्या कोपऱ्यात रेंज येते, तिथं त्यांना बसवलं आणि मी म्हटलं, "आबा, 'काम चालू आहे' एवढंच सांगू. खोटंही नाही ते."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "कालव्याच्या हापिसात मला बी ह्येच सांगत्यात," ते म्हणाले. "काम चालू हाय, आबा. जावा घरी."

मला माझीच लाज वाटली.

बैठक सुरू झाली. एकेका देशाचा प्रतिनिधी येऊन प्रगती समाधानकारक असल्याचं सांगून गेला. आमची पाळी आली तशी आबा उठून उभे राहिले आणि साऱ्या उपसागराला त्यांचं नुसतं धोतर दिसलं. मी ओढून खाली बसवलं. ते म्हणाले, "चारीवरचं कोनबी खत कमी कराया तयार झालं न्हाय. मी येकलाच हाय. सबूद माझ्या आवाक्यातला नव्हता, पर मी दिला. तुमाला तोंड दावायची लाज वाटती, कासिमराव."

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्या मुलीनं बंगालीत सांगितलं. छोट्या चौकोनात कासिमभाईंनी ते ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि नजर खाली वळवली. सूत्रसंचालक बाईंनी आभार मानून पुढचं नाव पुकारलं.

बैठक संपल्यावर आबांनी विचारलं, "काय म्हनलं कासिमराव?"

"काही नाही, आबा. रागावले नाहीत ते."

"न्हाय पोरी," आबा म्हणाले. "रागावला आसता तर मला बरं वाटलं आसतं. मी बी आताशा कालव्याच्या हापिसात जातो आन् भाषान न करता नुसता बसून येतो. बोलून काय व्हतंय, आसं झालं की मानूस गप बसतंय." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि फोन माझ्याकडं सरकवला. "त्या बंगालीचं इंग्रजी करनाऱ्या पोरीला फोन लाव. त्यास्नी म्हनावं, कासिमराव, शिव्या द्या, भांडा माझ्यासंगं. पर आसं गप बसू नगा."