साळिंदराची आत्या आणि पाणवठ्याची रांग

एका जंगलात, बालमित्रांनो, अजून मोबाइलचा टॉवर आलेला नव्हता. म्हणजे गोष्ट फार जुनी आहे, किंवा जंगल फार आतलं आहे. तुम्हाला जे सोयीचं वाटेल ते धरा.

त्या जंगलात दामोदर नावाचं एक साळिंदर राहायचं. दामोदर गणिती होता. आता गणिती म्हणजे पाढे पाठ असलेला, असं तुम्हाला वाटेल. पाढे तर पोपटालाही पाठ होते, पण तो पुढे शिक्षणखात्यात गेला. गणिती म्हणजे असा प्राणी, की ज्याला एखादा प्रश्न चावतो आणि मग सोडत नाही.

दामोदरला पाणवठ्याचा प्रश्न चावला होता.

उन्हाळ्यात ओढे आटायचे. एकच तळं उरायचं. तिथं सगळे प्राणी रांगेनं पाणी प्यायला उभे राहायचे. रांगेत काही खाणारे होते, वाघ-बिबटे वगैरे. पुष्कळसे खाल्ले जाणारे होते, म्हणजे हरणं आणि ससे. आणि थोडे मधले होते, हत्ती, गवे, साळिंदरं. हे मधले रांगेतल्या कुणाला खात नसत, आणि यांना खायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पण रांग कशी लावायची याला काही नियमच नव्हता. दर उन्हाळ्यात कुणीतरी नको त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि पाणी न पिताच संपायचं. मागच्या उन्हाळ्यात दामोदरच्या शेजारचा अंतोबा ससा असाच गेला. दामोदरला फार वाईट वाटलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत रांगेचा बिनचूक नियम शोधायचा, असं त्यानं ठरवलं.

पण शोधणार कसा? त्याला एक आत्या होती.

गोदाआत्या टिटवी होती. साळिंदराची आत्या टिटवी कशी, असं विचारणाऱ्या मुलानं मागच्या बाकावर जाऊन बसावं. आमच्या जंगलात आत्या असायला रक्ताचं नातं लागत नाही, नुसता आवाज लागतो.

दामोदर अंगावरचा एक काटा उपटून मातीत आकृती काढायला बसला, की आत्या हजर.

"दामू, जेवलास का? काय जेवलास? परत कंदच? तरीच तोंड उतरलंय. पलीकडच्या ओढ्याचं स्थळ आलं होतं रे. मुलीचे काटे असे लांबसडक आहेत! तुझं लक्ष कुठंय? हे मातीत काय चाललंय?"

"गणित, आत्या."

"कर की मग. मी काय तुझा हात धरलाय? मी आपली गप्प बसते. बरं, ते खारूताईच्या थोरलीचं कळलं का तुला?"

दामोदर मनात म्हणायचा, एक दिवस तरी मला शांतता मिळू दे, मग बघा.

थंडीत पाहुणी बदकं आली, तेव्हा त्यांच्याबरोबर एक निरोप आला. सात समुद्रांपलीकडच्या बर्फाळ जंगलात विद्वानांचा एक मठ होता. तिथल्या मुख्यांनी दामोदरला बोलावलं होतं. मुख्य होते एक पांढरं घुबड. आपल्याकडे कुणाला घुबड म्हटलं की तो बाह्या सरसावतो. तिकडे ती पदवी आहे.

दामोदर तिकडे पोचला. कसा पोचला ते विचारू नका, बोधकथेत प्रवासाला वेळ लागत नाही.

"ही तुमची गुहा," घुबडसाहेब म्हणाले. "तुम्हाला इथं कुणीही त्रास देणार नाही. बर्फ वितळेपर्यंत प्रश्न सुटला, तर मठात एक कायमची जागा आहे. ती तुमची."

"आणि नाही सुटला तर?"

"तरीही भेटून आनंद झाला, असं आम्ही म्हणू."

गुहा सुरेख होती. दारासमोर गोठलेलं तळं होतं, पाटीसारखं सपाट. लिहावं तेवढं कमी. आणि शांतता तर अशी, की दामोदरला स्वतःच्या पोटातला आवाज ऐकू यायला लागला. पहिले काही दिवस तो खूश होता. मग तो पोटाचा आवाज ऐकत बसायला लागला.

प्रश्न काही हलेना. दामोदर बर्फाकडे बघायचा, बर्फ दामोदरकडे बघायचा. शेवटी कुणाशी तरी चार शब्द बोलावेत म्हणून तो शेजारच्या बीव्हरकडे गेला. बीव्हर म्हणजे तिकडचा एक दातवाला सद्गृहस्थ. तोही गणितीच होता.

बीव्हरनं दार उघडलं आणि तो घाबरलाच.

"काही वाईट घडलंय का?"

"नाही हो. सहज आलो."

"सहज म्हणजे कोणत्या कामासाठी?"

"काम असं काही नाही. बसू, बोलू."

बीव्हरनं बराच विचार केला. मग तो अगदी मनापासून म्हणाला, "पुढच्या पौर्णिमेनंतर मला थोडा वेळ आहे. विषय आधी कळवलात तर मी तयारी करून ठेवीन."

दामोदर परत आला आणि गुहेत अंगाचं मुटकुळं करून पडला. त्याला घरची आठवण आली. बोधकथेतल्या प्राण्यांनी रडायचं नसतं, पण तो थोडासा रडला.

आणि एका सकाळी गोठलेल्या तळ्यावरून ओळखीचा आवाज आला.

"दामू! अरे केवढा वाळलास! आणि हे काय, अंगणात एक गवताची काडी नाही? कसली ही माणसं!"

गोदाआत्या आली होती. न कळवता. बदकांनी तिला सांगितलं होतं की पोराचं काही खरं दिसत नाही, एवढंच पुरलं. पंख गारठलेले, चोच निळी पडलेली, तरी बोलणं चालू. बदकांनी वाटेत कसा हावरटपणा केला, कुठल्या बेटावर कोण कसं वागलं, ओढ्याच्या स्थळानं आता दुसरीकडे कसं जमवलं आणि चूक कुणाची.

दामोदरनं थोडा वेळ आनंदानं ऐकलं. मग नुसतंच ऐकलं. मग त्याचं डोकं पळून जायला जागा शोधायला लागलं. त्या पांढऱ्याशुभ्र जंगलात पळून जाण्याजोगी एकच जागा होती, ती म्हणजे पाणवठ्याची रांग. दामोदर हूं हूं म्हणत बर्फावर रेघा ओढायला लागला. एक खाणारा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मधला, मग हरणं, मग पुन्हा मधला.

"ऐकतोयस ना?"

"हूं."

आत्या जसजशी रंगात आली, तसतसा नियम तयार होत गेला. आता फक्त एकच अडचण उरली. कशीही रांग लावली, तरी शेवटी नेमका एक मधला कमी पडायचा. तो कुठून आणायचा, एवढंच राहिलं होतं. आत्या अजून दोन-चार दिवस बोलली असती तर तेही सुटलं असतं.

पण त्याच दिवशी घुबडसाहेब पाहणीला आले. त्यांनी तळ्यावरच्या आकृत्या पाहिल्या आणि मान पूर्ण मागं फिरवून परत पुढं आणली.

"फार रोचक! हे तुम्हाला कसं सुचलं?"

इथं, बालमित्रांनो, दामोदरनं खरं सांगितलं.

"आत्या सारखी बोलत असते," तो म्हणाला. "तिच्या बोलण्यातून पळ काढायला म्हणून मी गणितात शिरतो. तुमच्या शांततेत मला पळायचं कारणच उरलं नव्हतं."

घुबडसाहेब गंभीर झाले. त्यांनी समिती नेमली. समितीनं शोध लावला, की मठात आजवर व्यत्ययाची काहीच सोय नव्हती आणि म्हणूनच विद्वान मागं पडत होते. मग एक व्यत्यय-विभाग काढायचं ठरलं. त्याला तज्ज्ञ हवा. तज्ज्ञाला जागा हवी. मठात जागा एकच होती.

"गोदावरीबाई," घुबडसाहेब म्हणाले, "ती आपण स्वीकारावी."

आत्या आधी हसली. मग तिला कळलं की थट्टा नाही.

"अहो, मला काय येतंय? मी आपली बोलते."

"तेच."

"आणि आमच्या दामूचं काय?"

"त्यांना भेटून आनंद झाला."

आत्या भांडली. माझ्या भाच्याच्या ताटातलं मी ओढून घेणार नाही, म्हणाली. पण संध्याकाळी ती दामोदरजवळ येऊन बसली, आणि दामोदरच्या आठवणीत पहिल्यांदाच काही वेळ बोलली नाही.

"दामू, आज समितीतल्या त्या सहा जणांनी माझं बोलणं लिहून घेतलं रे. एक शब्दसुद्धा गाळला नाही. जन्मभर मी बोलतेय. तूसुद्धा नुसतं हूं म्हणतोस."

दामोदरला लाज वाटली. ते खरंच होतं.

"राहा तू आत्या," तो म्हणाला. "इथं तुझं ऐकतात."

दुसऱ्या दिवसापासून आत्याला गरम पाण्याच्या झऱ्याशेजारी घरटं मिळालं. तिच्या व्यत्ययाचं वेळापत्रक लागलं. बीव्हरला मंगळवारी दुपारी. तो तयारी करून बसायचा. दामोदर त्या शेवटच्या मधल्यासाठी आत्याकडे गेला, तर दारातल्या पेंग्विननं त्याला अडवलं. पेंग्विन त्या बाजूला राहत नाहीत हे मला माहीत आहे. तो कंत्राटावर आला होता.

"बाईंची वेळ घेतलीय का? बर्फ वितळल्यावर या."

बर्फ वितळला आणि दामोदर घरी परतला. नियम अपुराच होता. उन्हाळा तोंडावर आला होता.

आपल्या जंगलात मात्र ढोल वाजत होते. सरपंच गव्यानं कमान उभारली होती. परदेशात राहून आलेला आपला दामोदर! शाल झाली, नारळ झाला. मग गव्यानं घसा साफ केला.

"एवढा मोठा विद्वान आपल्याकडे परत आलाय. आता आपलं कर्तव्य काय? त्यांना शांतता देणं! आजपासून त्यांच्या बिळाकडे कुणी फिरकायचं नाही. सुतारपक्ष्यानं नदीपलीकडच्या झाडांवर काम करायचं. रातकिड्यांना मी समज दिलीय."

टाळ्यासुद्धा हळू वाजल्या.

दामोदर बिळात बसला. बर्फाळ जंगलात निदान वारा होता. इथं पानं पडतानाही बिचकत होती. वाटेनं माकड जाताना दिसलं, तर दामोदर धावत बाहेर आला.

"ये रे, बस जरा."

"नको नको, तुमचा वेळ मोलाचा आहे," असं कुजबुजत माकड दबक्या पावलांनी निघून गेलं.

तळं रोज थोडं आटत होतं. अंतोबा सशाची बायको पिल्लांना घेऊन तळ्याकडे बघत बसलेली त्याला दिसायची. ती काही विचारायची नाही. विद्वानांना त्रास द्यायचा नसतो. दामोदर पुन्हा मातीत रांग काढायला बसायचा, आणि तो शेवटचा मधला काही सापडायचा नाही.

शेवटी त्याला राहवलं नाही. माझ्याकडे कुणी येत नाही ना, मग मीच जातो, असं म्हणून एका दुपारी तो न कळवता सरपंच गव्याच्या गोठणावर जाऊन बसला आणि बोलायला लागला.

परदेशातल्या बर्फाचे प्रकार. भुसभुशीत बर्फ, टणक बर्फ, वरून टणक आणि आतून भुसभुशीत बर्फ. तिकडे शेवाळ कसं खातात. बीव्हरचे दात, बीव्हरच्या सासऱ्यांचे दात. आपल्याकडे शिस्त कशी नाही. खाणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना मधला उभा केला, की रांगेत शेवटी एक मधला कसा कमी पडतो. कंठ फुटल्यासारखा तो बोलत होता. आपला आवाज थेट आत्यासारखा येतोय हे त्यालाही जाणवलं, आणि बरं वाटलं.

गव्याला जांभई आली. ती त्यानं दाबली. एवढ्या मोठ्या विद्वानाला 'उठा आता' कसं म्हणणार? सत्कार त्यानंच केला होता. तो 'असं? वा!' म्हणत राहिला. त्याचं डोकं पळायला वाट शोधायला लागलं. समोर तळं होतं. तळ्याकाठी रांगेची जागा होती. गवा मनातल्या मनात तिथं वाघ, हरणं, हत्ती उभे करायला लागला. त्यानं जन्मात कधी विचार केला नव्हता, पण बर्फापेक्षा ते परवडलं.

दिवस कलताना गवा एकदम उठून उभा राहिला.

"वाघाला टोकाला उभा करा!"

"काय?" दामोदर थांबला.

"तुम्ही त्याला मधे उभा करता, म्हणून त्याला दोन्हीकडून मधला लागतो. टोकाला उभा केला तर एकच पुरतो. एक वाचला की!"

दामोदरच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. खरंच होतं. वाघ मानानं मधोमध उभा राहतो, हे त्यानं जन्मापासून धरूनच घेतलं होतं. वाघाला रांगेच्या शेवटी पाठवायचं, हे कुणाच्या डोक्यात येणार? डोकं ठिकाणावर असताना तर नाहीच.

वाघाला नियम सांगितला. तो म्हणाला, "गणितातच तसं आहे म्हणता? मग काय इलाज." आणि तो शेवटी जाऊन उभा राहिला. त्या उन्हाळ्यात रांगेतून सगळे परत आले. अंतोबाच्या पिल्लांनी पोटभर पाणी प्यायलं.

मग सरपंच गव्याचा सत्कार झाला. बर्फाळ जंगलातून खुद्द घुबडसाहेब उडत आले. त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"फार रोचक! हे आपल्याला कसं सुचलं?"

गव्यानं डोळे मिटले. समोर पहिल्या रांगेत दामोदर बसला होता.

"एकांतात," गवा म्हणाला. "चिंतनातून."

घुबडसाहेबांनी तिथल्या तिथं त्याला मठात बोलावलं. प्रचंड टाळ्या पडल्या. दामोदरनंही वाजवल्या, कारण सशाची पिल्लं जिवंत होती आणि त्याचा त्याला खरोखर आनंद झाला होता. मग तो पाय आपटत घरी गेला.

तात्पर्य: मोठं काम तडीला न्यायचं असेल, तर आपल्याला भरपूर छळणारं एक माणूस जवळ असावं. काम झालं की त्याचं नाव मात्र चुकूनही घेऊ नये.