सोमाजीकाकांची चूक

आमच्या गल्लीत कुणाचंही काही बिघडलं, की सोमाजीकाका हातमाग सोडून धावत येत आणि गुन्हा कबूल करत. एकदा दूधवाल्याची सायकल टांग्यावर आदळली. दोघं एकमेकांची गचांडी धरणार, तोच काका मधे.

"चूक माही आहे गा."

"तुमी तं घरात होते!" टांगेवाला म्हणाला.

"तेच तं चुकलं. बाहेर असतो तं हाक नसती मारली?"

यावर भांडायचं कसं?

मला या माणसाचा रागच येई. मी पत्रकं वाचून वाढलेला. प्रत्येक दुःखामागे एक शत्रू असतो, याबद्दल माझी खात्री होती. नळ आटला तर नगरपालिका, सूत महागलं तर व्यापारी. काकांच्या मते नळ आटला, कारण सकाळी त्यांनीच एक बादली जास्त भरली.

त्यांच्या लुगड्यांचे तांबडे पदर गांधीबागेच्या कापडबाजारात नावाजलेले. पण एक लुगडं परत आलं. पदरात मधेच बोटभर काळा पट्टा! "चूक माही, डुलकी लागली," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी रंगच सोडला. नुसते पांढरे पंचे.

हा गिरण्यांचा डाव, असं मी लालभडक कागदावर छापून आणलं, सभा भरवली आणि काकांना उभं केलं. "सांगा काका, तुमचा रंग कुणी हिरावला?"

काकांनी हात जोडले. "मीच."

सभा हसत हसत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी उरलेली पत्रकं घेऊन मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. भागाकाकू मागाशेजारी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या.

"आला का गा? तूच सांग याह्यले. लग्नापासून मी कांड्या भरून राहिली, असं बिनरंगाचं काम कधी केलं नाई. आळस भरला याह्यच्या अंगात!" मग माझ्या हाताकडे वळून म्हणाल्या, "अन् हे काळं फडकं कायले आणलं?"

माझ्या हातात लाल पत्रकं होती.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी माग जोरात चालवला आणि त्या खडखडाटात मला जवळ ओढलं.

"तिनं तांबडी म्हणून देल्ली काळी कांडी मले विणतानाच दिसली होती. उसवलं असतं तं तिले समजलं असतं. मंग चरख्याले हात नसता लावला तिनं."

"डॉक्टर?"

"नेलं होतं. नजर जाणारच म्हणे. मलेच एकट्याले सांगितलं."

"पण यात तुमची चूक कुठे?"

"तिची नजर जाऊन राहिली अन् मी आपला पदर पाहत बसलो. माहीच तं झाली."

"काय कुजबुज चालली?" काकू ओरडल्या. "त्याले काय समजावता? चूक तुमचीच आहे!"

"हो वं, माहीच," काका म्हणाले आणि तिनं अंदाजानं पुढे केलेली पांढरी कांडी त्यांनी हात लांबवून घेतली.